खुनाची क्षमा कोणी करायची? देवाने, मंडळीने, की ज्यांचं माणूस गेलं त्यांनी?

रानवाट (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीतला एक माणूस जन्मठेप भोगून परत आला आहे. शेताच्या बांधावरून वाद होता, त्यात त्याच्या हातून चुलतभावाचा खून झाला. तुरुंगात त्याने बायबल वाचायला घेतलं, पाळकसाहेबांना पत्रं लिहिली, आणि आता दर रविवारी शेवटच्या बाकावर येऊन बसतो. त्याला प्रभुभोजन (येशूच्या आठवणीतला भाकर-प्याल्याचा विधी) घ्यायचं आहे. मारल्या गेलेल्या भावाची बायको याच मंडळीची सभासद आहे. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, देवाने क्षमा केली तर अडवणारे आपण कोण? दुसरा म्हणतो, त्या बाईंच्या डोळ्यांदेखत याला भाकर आणि प्याला द्यायचा?

माझं मत आधीच सांगतो. देवाची क्षमा या माणसाला मिळू शकते, पूर्ण मिळू शकते, आणि ती त्याच्या कमाईची नसणार. इफिसकरांस पत्रात पौलाने हे इतकं स्वच्छ लिहिलंय की त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण ती क्षमा पुढे करून त्या बाईंना गप्प करण्याचा हक्क त्याला नाही, पाळकांना नाही आणि कमिटीला तर मुळीच नाही.

या सगळ्यात मला सिस्टर राणी मारिया सारखी आठवते. मूळची केरळची, फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघातली. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात ती आदिवासी आणि भूमिहीन मजुरांमध्ये काम करायची. हक्काची सरकारी मदत कशी मागायची, सावकाराच्या दारात न जाता बँकेतून कर्ज कसं घ्यायचं, हे ती लोकांना शिकवायची. तिथल्या सावकार-जमीनदारांना ते खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला ती बसने इंदूरकडे निघाली असताना समंदरसिंह नावाच्या तरुणाने तिला चाकूने भोसकलं. अंगावर पन्नासहून जास्त जखमा होत्या. त्याला या कामासाठी भरीला घातलं होतं. जन्मठेप झाली.

२००२ मध्ये राखीपौर्णिमेच्या सुमारास राणी मारियाची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हातावर राखी बांधली. पुढे राणी मारियाच्या घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी खटपट केली आणि २००६ मध्ये तो सुटला. त्यानंतर तो केरळला तिच्या आईला भेटायला गेला, तेव्हा आईने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं. ज्या हातांनी मुलगी गेली त्याच हातांचं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियाला 'धन्यवादित' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्या सोहळ्याला तो हजर होता.

आमच्या कमिटीतले काही जण हीच गोष्ट घेऊन त्या बाईंकडे जायला निघालेत. "बघा, त्या आईने केलं, तुम्ही का नाही?" हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आपण सगळे काय म्हणता? वचनाचा आधार देऊन लिहिलंत तर मला कमिटीपुढे ठेवता येईल.

भुईगावकर

रानवाट, विषय काढलात ते बरं केलंत.

आम्ही वसईचे कॅथलिक, आमच्याकडे याची वाट आखून दिलेली आहे. पापनिवेदनाला जाण्याआधी स्वतःच्या विवेकाची तपासणी, मग खरा अनुताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, मग धर्मगुरूंसमोर कबुली आणि शेवटी प्रायश्चित्त. बाहेरच्यांना यातली फक्त कबुली दिसते, म्हणून त्यांना वाटतं की फादरच्या कानात सांगितलं की झालं. आमच्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात १४५९ व्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलंय की पापाने शेजाऱ्याचं नुकसान होतं आणि ते शक्य तेवढं भरून द्यावंच लागतं. चोरलेलं परत करायचं, बदनामी केली असेल तर ती पुसायची, इजा केली असेल तर भरपाई द्यायची. पापमुक्ती पाप काढून टाकते, पापाने केलेली पडझड आपोआप उभी राहत नाही.

दावीद राजाचं बघा, २ शमुवेल ११ आणि १२. उरीया हा त्याचा निष्ठावान शिपाई. त्याच्या बायकोला दावीदाने आणवलं, आणि उरीयाला आघाडीवर मरायला ठेवा असं पत्र लिहून ते त्याच्याच हाती सेनापतीकडे धाडलं. नाथान संदेष्ट्याने तोंडावर आरोप केला तेव्हा दावीदाने पाप पदरी घेतलं. त्या क्षणी उत्तर आलं की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. पण त्याच भेटीत नाथानाने हेही सांगितलं होतं की तलवार तुझ्या घराला सोडणार नाही. पुढे त्याची मुलं, अम्नोन गेला, अबशालोम गेला. क्षमा खरी होती, आणि भोगही खरे होते.

म्हणून तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतो. ज्या बांधावरून खून झाला, तो बांध आज कुठे आहे? ती जमीन कोण कसतं?

साशंक

मी ख्रिस्ती नाही, पण वाचतोय. मनापासून विचारतो, कोणाला दुखवायचं नाही.

रुडॉल्फ ह्योस हा आउशवित्झ छावणीचा प्रमुख होता. त्या छावणीत सुमारे अकरा लाख माणसं मारली गेली, त्यातले बहुतेक ज्यू. ह्योस लहानपणी कॅथलिक होता, तरुणपणीच त्याने चर्च सोडलं. एप्रिल १९४७ मध्ये फाशीची शिक्षा सुनावल्यावर त्याने एका पोलिश येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूसमोर पापनिवेदन केलं, साक्रामेंत (पवित्र भाकर) घेतलं, आणि १६ एप्रिलला त्याच छावणीच्या आवारात त्याला फाशी दिलं.

तुमच्या श्रद्धेनुसार त्याला क्षमा मिळाली का? मिळाली असेल तर त्या अकरा लाखांना कोणी विचारलं? ज्यू परंपरेत योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा मोठा दिवस असतो. पण मिश्ना, म्हणजे ज्यूंचा जुना धर्मनियमांचा ग्रंथ, सांगते की माणसाने देवाविरुद्ध केलेले अपराध त्या दिवशी धुतले जातात. माणसाविरुद्ध केलेले अपराध त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय धुतले जात नाहीत. मला हे जास्त न्यायाचं वाटतं. मेलेल्याची समजूत कोण काढणार?

तेरेखोल

साशंक, तुमचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि मी तो टाळणार नाही.

त्या धर्मगुरूने देवाच्या वतीने पापमुक्ती दिली. मेलेल्यांच्या वतीने त्याने काही दिलं नाही, तो अधिकार त्याला नव्हताच. ह्योसला क्षमा मिळाली का, हे मी ठरवू शकत नाही; अमुक एक माणूस नरकात आहे असं आमच्या चर्चने आजवर कोणाबद्दलही जाहीर केलेलं नाही. मी एवढंच मानतो की देवाची दया ह्योसच्या पापापेक्षा लहान असेल, तर माझ्यासारख्याच्या वाट्याला येणारी दयाही मोजूनमापून दिलेली असणार, आणि मग क्रुसाला काही अर्थ उरत नाही. क्रुसावर येशूच्या शेजारी टांगलेल्या चोराने आयुष्यात काहीच दुरुस्त केलेलं नव्हतं. त्याला वेळच उरला नव्हता. तरी "आज तू माझ्याबरोबर असशील" हे त्याला ऐकायला मिळालं.

पण तुम्ही मिश्नाचं जे सांगितलंत ते आमच्याकडेही आहे. येशू ज्यूच होता. मत्तय ५ मध्ये तो सांगतो की वेदीजवळ देणगी घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर देणगी तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. बघा, वेदीपाशी उभ्या माणसालाही तो परत पाठवतो. रानवाट, तुमच्या प्रभुभोजनाच्या प्रश्नाला हे वचन थेट लागू आहे असं मला वाटतं. पाऊल कोणी उचलायचं हेही त्यात आलंय. ज्याने दुखावलं त्याने.

निशिगंधा

बरेच दिवस या विषयावर लिहायचं टाळत होते.

मी कौटुंबिक हिंसाचार सोसलेल्या बायकांसोबत काम करते, त्यात ख्रिस्ती बायकाही येतात. त्यांच्याकडून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते पाठ झालंय: "सत्तर वेळा सात क्षमा करा म्हटलंय ना प्रभूने, मग?" नवरा मारतो, रविवारी रडतो, कोणीतरी वडीलधारं मध्ये पडतं, बाई परत जाते, आणि पुन्हा मार खाते. क्षमेच्या नावाखाली तिला त्याच घरात ढकललं जातं. मत्तयाचा तो १८ वा अध्याय कोणी पूर्ण वाचतच नाही. त्याच अध्यायात, सत्तर वेळा सातच्या आधी, येशू सांगतो की भावाने अपराध केला तर त्याला त्याचा अपराध दाखव. ऐकलं नाही तर आणखी एक-दोघांना साक्षीला ने. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. म्हणजे अपराध आधी उघड बोलला जातो. त्याला नाव दिलं जातं. झाकून ठेवलेल्या अपराधाची क्षमा त्या अध्यायात कुठेही नाही.

भुईगावकर दादांनी दावीदाचं लिहिलं, त्यात भर घालते. स्तोत्र ५१ दावीदाच्या पश्चात्तापाचं म्हणून आपण प्रत्येक उपवासकाळात म्हणतो. त्यात तो देवाला म्हणतो की मी तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध पाप केलंय. मला हे म्हणताना दरवेळी अडखळायला होतं, कारण त्या स्तोत्रात उरीया कुठेच नाही. पण मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ उघडा. दावीदापासून शलमोन झाला, आणि आई कोण, तर "उरीयाची बायको". तोवर ती दावीदाची राणी होऊन गेली होती, शलमोन राजा होऊन गेला होता, हजार वर्षं उलटली होती. तरी तारणाऱ्याच्या वंशावळीत मारल्या गेलेल्या माणसाचं नाव राहिलं. देवाने दावीदाला क्षमा केली आणि उरीयालाही पुसलं नाही. माझ्यासाठी कृपेचा सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे.

रानवाट, त्या बाईंना राणी मारियाच्या आईची गोष्ट सांगायला कोणालाही पाठवू नका. ती गोष्ट खरी आहे, सुंदर आहे, पण ती त्या आईची आहे. दुसरीच्या दुःखाला हाकण्यासाठी ती वापरली की तिचा चाबूक होतो.

पाऊस_थेंब

निशिगंधाताई, वंशावळीचं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आभार.

माळवी

मी इंदूरचा, आमचं मराठी घर तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. राणी मारियाच्या बाबतीत एक गोष्ट सांगायची राहून जाते, म्हणून लिहितो.

हत्या १९९५ ला, राखी २००२ ला. मधली सात वर्षं लोक सोडून देतात. त्या काळात स्वामी सदानंद म्हणून ओळखले जाणारे एक कॅथलिक धर्मगुरू, जे साधूसारखं राहायचे, ते तुरुंगात समंदरसिंहला भेटत राहिले. तो सुरुवातीला सूडाने पेटलेला होता, ज्यांनी त्याला पुढे केलं त्यांचा त्याला काटा काढायचा होता. म्हणजे राखी बांधण्याआधी कोणीतरी वर्षानुवर्षं त्याच्यापाशी बसलं होतं. आणि बहीण स्वतःहून गेली, तिला कोणी ढकललं नाही.

रानवाट, तुमच्या माणसापाशी कोण बसलंय आजवर? आणि त्या बाईंपाशी कोण बसलंय?

कोर्टकचेरी

कायद्याच्या बाजूने थोडं.

१९९९ च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमोथी, यांना गाडीत जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि त्यानंतरही कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. पण खटला चाललाच. मुख्य आरोपी दारासिंगला आधी फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. त्यांच्या क्षमेने खटला थांबला नाही, आणि थांबायलाही नको होता. रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायात सत्तेचं काम वेगळं सांगितलंय, ते सत्तेला करू द्यावं.

तुमच्या माणसाने शिक्षा भोगली आहे. कायद्याचं देणं त्याने फेडलं. राहिलेलं देणं कायद्याच्या कक्षेत येत नाही.

बेथेल

एक विचारू का? "पवित्र आत्म्याविरुद्ध निंदा" या पापाला क्षमा नाही असं मार्क ३ मध्ये आहे. खून त्यात येतो का? आमच्या ओळखीतले एक जण या वचनामुळे रात्र-रात्र झोपत नाहीत.

केडगावची लेक

बेथेल, नाही, येत नाही. त्याच ठिकाणी आधी येशू म्हणतो की माणसांच्या सगळ्या पापांची क्षमा होईल. ते पुढचं वाक्य ज्या शास्त्र्यांना उद्देशून आहे, ते डोळ्यांसमोर बरी होणारी माणसं बघूनही हे सैतानाचं काम आहे म्हणत होते. ज्याचं काळीज इतकं निबर झालंय तो क्षमेच्या काळजीने जागत नाही. तुमच्या ओळखीच्यांना सांगा की जो या भीतीने रडतो त्याच्यासाठी दार बंद झालेलं नाही. आणि ते कित्येक दिवस झोपत नसतील तर डॉक्टरांकडेही न्या. त्यात विश्वासाची कमतरता काही नाही.

आता मूळ विषय. यहूदा आणि पेत्र हे येशूचे शिष्य, दोघांनीही एकाच रात्री प्रभूला सोडलं. यहूदाबद्दल आपण फार पटकन बोलून मोकळे होतो. मत्तय २७ नीट वाचा. त्याला पस्तावा झाला. त्याने तीस रुपये परत नेले. त्याने तोंडाने कबूल केलं की मी निर्दोष रक्त धरून देऊन पाप केलं. अनुताप, कबुली, भरपाई, सगळं त्याने केलं! आणि ज्यांच्याकडे गेला त्या याजकांनी काय उत्तर दिलं? "आम्हाला त्याचं काय? तुझं तू पाहा." त्यानंतर तो गेला आणि गळफास घेतला.

पेत्र मात्र बाकीच्या शिष्यांमध्ये राहिला. त्यांनी त्याला हाकलून लावलं नाही. म्हणून योहान २१ मध्ये, पहाटे किनाऱ्यावर, येशूला तो सापडला. तीन वेळा नाकारलं होतं, तीन वेळा विचारलं गेलं, "तू माझ्यावर प्रीती करतोस का?" तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला असं लिहिलंय. म्हणजे जखम दाबली गेली, दुखली. पण लगेच कामही मिळालं, माझी मेंढरं चार.

मी केडगावला वाढले. पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनात, समाजाने वाळीत टाकलेल्या, 'पतित' म्हणून हिणवलेल्या बायकांसाठी वेगळं 'कृपासदन' काढलं होतं. त्यातल्या कितीजणींवर अन्याय झाला होता आणि शिक्का मात्र पापाचा बसला होता. रमाबाईंनी घर दिलं, अन्न दिलं, हाताला काम दिलं. कृपा म्हणजे मला आधी ते डोळ्यांपुढे येतं, सिद्धान्त नंतर.

तुमच्या मंडळीने त्या माणसाला "तुझं तू पाहा" म्हणू नये. त्या बाईंनाही म्हणू नये. आजवर त्यांना तेच ऐकू आलं असेल, अशी मला भीती वाटते.

तेरेखोल

थोडं अवांतर, पण इथे लिहायलाच हवं. 'अमेझिंग ग्रेस' लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांच्या जहाजांवर होता. १७४८ मध्ये वादळात त्याने देवाचा धावा केला आणि तिथून त्याचा विश्वास सुरू झाला. पण गुलामांची वाहतूक त्याने १७५४ पर्यंत चालूच ठेवली, कप्तान म्हणून! त्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे लिहिलं ते १७८८ मध्ये, आणि त्यात स्वतःचा सहभाग लाजेने मान्य केला. विश्वास धरल्यावरही जी माणसं त्याने साखळदंडात नेली, त्यांना त्याच्या भजनाचा काय उपयोग झाला?

हे मी न्यूटनला हिणवायला लिहीत नाही, त्याचं भजन मला रडवतं. तुमचा माणूस तुरुंगात वचनाकडे वळला ही सुरुवात आहे. कृपेला माणसाच्या आत उतरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ इतर कोणाच्या जिवावर काढला जाऊ नये, हे बघणं मंडळीचं काम आहे.

रानवाट (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळे प्रतिसाद छापून पाळकसाहेबांना नेऊन दिले.

भुईगावकर, तुमच्या प्रश्नाने मला हलवलं. बांध सरकवलेला आहे तसाच आहे. ती पट्टी त्याचे भाऊच कसतात. इतकी वर्षं प्रार्थना झाल्या, उपास झाले, क्षमेवर उपदेश झाले, आणि त्या जमिनीबद्दल मंडळीत एकही माणूस बोलला नाही. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराची गोष्ट आम्ही रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतो. येशू त्याच्या घरी आधी गेला, जक्कयाने काही परत करायच्या आधी. आणि मग जक्कय स्वतः उभा राहून म्हणाला की ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो. मुलांना शिकवतो ते आम्ही मोठ्यांनी ऐकलंच नाही.

पाळकसाहेब त्या माणसाशी बोलले. तो म्हणाला की भावांना मी समजावतो, सरकारी मोजणीचा अर्ज माझ्या नावाने टाका. प्रभुभोजनाची घाई मला नाही, त्या नको म्हणाल्या तर मी शेजारच्या गावच्या मंडळीत जाईन, पण त्यांना कोणी विचारायलाही जाऊ नका. हे तो आपणहून बोलला.

आता कमिटीत एक वेगळीच टूम निघाली आहे. नाताळाआधीच्या सभेत त्याला उभं करून साक्ष द्यायला, म्हणजे आपण देवाकडे कसे वळलो ते सगळ्यांपुढे सांगायला लावायचं. तुम्हाला काय वाटतं?

निशिगंधा

अजिबात नको. ती बाई त्या सभेत बसलेली असेल. आपल्या नवऱ्याचा खून हा दुसऱ्या कोणाच्या साक्षीचा पहिला भाग म्हणून ऐकायला लावणं क्रूर आहे. लोक शेवटी "हालेलुया" म्हणतील तेव्हा त्यांनी कुठे बघायचं?

केडगावची लेक

निशिगंधाशी पूर्ण सहमत. साक्ष नको. आधी मोजणी होऊ दे, खुणा रोवल्या जाऊ देत, सातबारा त्यांच्या हातात पडू दे.

दरम्यान मंडळीतल्या दोन वयस्क बायकांनी त्यांच्याकडे जावं. समेटाचा विषय काढायचा नाही. त्यांनी नवऱ्याबद्दल बोलावं, चांगलं-वाईट जे वाटेल ते, आणि यांनी ऐकावं. मुलांचं शिक्षण कुठवर आलंय, पेरणीला माणूस आहे का, हे विचारावं. त्यांनी चिडून काही म्हटलं तर वचन सांगून गप्प करू नये. स्तोत्रसंहितेत चिडलेल्यांची स्तोत्रं भरपूर आहेत, हवं तर त्यातलं एखादं बरोबर म्हणावं. त्यांनी कधीच क्षमा केली नाही तरी त्या मंडळीच्याच आहेत, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. आणि त्याच्यापाशी बसायला माळवींनी म्हटलं तसं कोणीतरी एक माणूस नेमा, दर आठवड्याला जाणारा. पाळकसाहेबांवर सगळं टाकू नका.

मोजणीचं काय झालं ते इथे कळवा.